लिफ्ट केलेली पिकअप खाली घ्यायची आहे: ज्येष्ठांची चढ-उतार सोपी व्हावी म्हणून

वारणाकाठ (वाळवा तालुका)

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०२१ ची, ४×४. आधीच्या मालकानं लिफ्ट करून, म्हणजे मूळपेक्षा उंच करून घेतलेली आहे. पुढं स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या जोडीच्या) माथ्यावर २५ मिमीचा स्पेसर, म्हणजे जाड चकती. मागं पाटे आणि हाउसिंग (मागच्या एक्सलचं लोखंडी कवच) यांच्यामध्ये ३८ मिमीचा लोखंडी ब्लॉक, शिवाय शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसीला जोडणारी पट्टी) मूळच्यापेक्षा २५ मिमी लांब. शॉकअप चारही बाहेरचे, लांब रॉडचे. टायर २८५/६५ आर १८ आहेत, कंपनीचे २५५/६० आर १८ होते.

सपाट फरशीवर, हवा बरोबर भरून, गाडी रिकामी ठेवून मापं घेतलीत. जमिनीपासून साइड स्टेपचा पाइप ४७ सेमी, दाराचा उंबरा ६३ सेमी, पुढच्या सीटची बाहेरची कड ९६ सेमी.

घरात सत्तरीपुढची दोन माणसं आहेत, एकाचा गुडघा बदललेला. मिरजेला दवाखान्यात नेणं-आणणं याच गाडीतून होणार. शेताचा रस्ता काळ्या मातीचा, अधूनमधून घाट. विचारायचं एवढंच: सगळं मूळ स्थितीत आणलं तर उंबरा नक्की किती खाली येईल, काय काय काढावं लागेल, की लिफ्ट तशीच ठेवून खाली एक पायरी जोडली तरी भागेल?

---

पाटे_आणि_बुश (कराड)

मापं व्यवस्थित दिलीत, त्यामुळे हिशेब सरळ आहे.

आधी टायर. २८५/६५ आर १८ चा व्यास साधारण ८२८ मिमी, २५५/६० आर १८ चा ७६३ मिमी. फरक ६५ मिमी. पण गाडी उतरते ती निम्म्यानं, म्हणजे ३२ मिमी, कारण जमीन ते चाकाचा मध्य एवढंच अंतर मोजायचं.

पुढचा स्पेसर २५ मिमीचा असला तरी चाकाशी उंची जवळजवळ दुप्पट वाढते. स्ट्रट खालच्या आर्मवर (चेसीपासून चाकापर्यंत गेलेल्या हातावर) साधारण मध्यावर बसतो आणि चाक आर्मच्या टोकाला असतं, म्हणून. तेव्हा २५ चा स्पेसर काढला की पुढून ४५ ते ५० मिमी उतरेल. मागं हिशेब वेगळा. ब्लॉक जेवढ्यास तेवढा, म्हणजे ३८ मिमी. शॅकल २५ नं लांब असेल तर उंची निम्मीच, १२-१३ मिमी, कारण पाट्याचं पुढचं टोक जागेवरच असतं. बेरीज ५० मिमी.

५० आणि ३२ मिळून ८२ मिमी. उंबरा ६३ वरून ५५ वर, सीट ९६ वरून ८८ वर, साइड स्टेप ४७ वरून ३९ वर. यापेक्षा खाली न्यायच्या भानगडीत पडू नका. पिकअपला मूळ उंचीत जी दबायची जागा ठेवलेली असते ती हौद्यातल्या वजनासाठी असते. कंपनीच्या मापाखाली गेलात की भरलेली गाडी प्रत्येक गतिरोधकावर बंपस्टॉपवर (दबण्याच्या शेवटी लागणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटणार.

स्प्रिंग कापून किंवा गॅसनं तापवून बसवणारे भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. तापवलेल्या स्प्रिंगचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि ती पुढं एकसारखी बसत जाते, एक बाजू जास्त, एक कमी. कापलेल्या स्प्रिंगचं टोक तिच्या खाचेत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की ती जागा सोडते.

---

काळीमाती (पलूस)

माझं मत वेगळं. जूननंतर कृष्णाकाठच्या मातीत ८ सेमी म्हणजे फार मोठा फरक. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या एवढ्या खोल असतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. लिफ्ट ठेवा, ६-७ हजार किलोमीटरला ग्रीसिंग करा आणि खाली पायरी जोडा. पुराच्या दिवसांत रस्त्यावर पाणी असतं तेव्हाही उंची कामी येते.

---

सह्यकडा (सातारा)

काळीमाती, चाकोऱ्यांचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यातला एक भाग तपासून घ्यायला हवा. मागचं हाउसिंग एकसंध आहे. त्याचा मधला गोळा (डिफरन्शियल) जमिनीपासून किती उंच, हे फक्त टायर ठरवतो. ब्लॉक, शॅकल, जादा पाटा यांतलं काहीही घातलं तरी बॉडी आणि चेसी वर जाते, गोळा तिथंच राहतो. चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला आधी लागतो तो हाच गोळा. म्हणजे मागं सस्पेन्शनची ५० मिमी लिफ्ट काढून तिथं काहीच गमावत नाही. गमावतो ते टायरचे ३२ मिमी. पोटाखाली, म्हणजे ट्रान्सफर केस आणि टाकीच्या भागात, दोन्ही मिळून ८२ कमी होतात, ते मात्र खरं.

पुराच्या पाण्याबद्दल: वाहत्या पाण्यात ६० सेमी खोलीला बहुतेक चारचाकी तरंगू लागतात, आणि मोठे टायर तर जास्तच तरंगतात. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली की पलीकडं जायचं असेल तर आधीच जावं. त्यासाठी लिफ्ट राखून ठेवण्यात अर्थ नाही, विशेषतः गाडीत आजारी माणूस असताना.

चिखलासाठी उंचीपेक्षा टायरची नक्षी जास्त काम करते. मूळ मापातच ऑल-टेरेन टायर घ्या. काळी माती नक्षीत भरून चाक गुळगुळीत झालं की कितीही उंच गाडी बसतेच.

---

मिरजेची_फिजिओ

चढणाऱ्याच्या बाजूनं बघूया. १५५ सेमी उंचीच्या माणसाचा गुडघा जमिनीपासून साधारण ४४ सेमीवर असतो. तुमची साइड स्टेप ४७ वर आहे. म्हणजे पहिलंच पाऊल गुडघ्याच्या वर टाकायचं, आणि मग सगळं अंग त्या एका वाकलेल्या गुडघ्यावर उचलायचं. बदललेल्या गुडघ्याला तेवढा बाक मिळत असला तरी त्या बाकात जोर लावणं ही वेगळी गोष्ट आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूत ती ताकद परत यायला बरेच महिने लागतात.

घरातल्या जिन्याची पायरी १५ ते १८ सेमी असते. गाडीला तेवढी मिळणार नाही, पण एका टप्प्यात २५ ते २८ च्या पुढं जाऊ नये असं धरा. म्हणून नुसतं खाली घेऊन भागत नाही: ३९ सुद्धा जास्तच. आणि नुसती पायरी जोडूनही पूर्ण भागत नाही, कारण सीट ९६ वरच राहते. ती उतरताना त्रास देते. पाय खाली सोडला की जमीन लागेपर्यंत शरीर लोंबकळतं.

चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. उतरताना तोंड गाडीकडं, पाठ रस्त्याकडं, जिना उलटा उतरतात तसं. दोन हात आणि एक पाय, असे तीन टेकू कायम असावेत. दाराच्या काचेला किंवा उघड्या दाराला धरायची सवय मोडा. दार हलतं आणि माणूस त्याच्यासोबत फिरतो.

पुढच्या सीटवरच बसवा. सीट पूर्ण मागं, पाठ थोडी कललेली, म्हणजे गुडघा डॅशबोर्डला न घासता आत येतो. कापडी सीटवर सरकताना त्रास होत असेल तर चढण्यापुरतं प्लास्टिकचा जाड कागद टाका आणि बसल्यावर काढून घ्या. फिरती गोल गादी मिळते, तीही प्रवासात सीटवर ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की माणूस बेल्टखालून पुढं सरकतो.

---

वारणाकाठ

म्हणजे दोन्ही करायचं: मूळ उंची आणि वर पायरी. टायर अजून निम्मे शिल्लक आहेत. आधी फक्त स्पेसर आणि ब्लॉक काढला आणि टायर झिजल्यावर बदलले तर?

---

पाटे_आणि_बुश

नाही चालणार. २८५ चा टायर मूळच्यापेक्षा ३० मिमी जास्त रुंद आहे आणि व्यासानं ६५ मिमी मोठा. लिफ्ट आहे म्हणून तो आत्ता बसतोय. मूळ उंचीवर पूर्ण स्टिअरिंग फिरवून खड्ड्यात गेलात की तो मडगार्डच्या आतल्या लायनरला आणि मागच्या बाजूला बॉडी माउंटजवळ घासणार. रिम बाहेरच्या ऑफसेटचे असतील तर आणखी लवकर. दोन्ही कामं एकाच दिवशी करा, टायर विकून टाका. निम्म्या शिल्लक ऑल-टेरेन टायरला गिऱ्हाईक मिळतं.

स्पीडोमीटरही ताळ्यावर येईल. आत्ता काटा ८० दाखवतो तेव्हा टायरच्या हिशेबानं प्रत्यक्ष वेग ८६-८७ असतो, आणि किलोमीटरही त्याच प्रमाणात कमी पडतात. सर्व्हिस उशिरा होत असणार, ऑइल बदलताना ते लक्षात घ्या.

आता पुढचं काम, नीट सांगतो.

सुरुवातीला चारही चाकांशी एक माप लिहून ठेवा: चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कमानीपर्यंत. जमिनीपासून नको, कारण टायर बदलला की ते माप बदलतं. काम झाल्यावर हेच परत मोजायचं. डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक राहिला तर काहीतरी बसलेलं नाही.

गाडी चेसीखाली घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नाही. चाक काढा. स्टॅबिलायझरची लिंक दोन्हीकडची सोडा. एकाच बाजूची सोडली तर बार ओढ देतो आणि आर्म खाली येत नाही. एबीएसची वायर आणि ब्रेकची होज क्लिपमधून मोकळी करा, कॅलिपर होजला लोंबू देऊ नका. वरचा बॉल जॉइंट सोडावा लागला तर हातोडा बॉल जॉइंटवर नाही, नकलच्या (चाक धरणाऱ्या ओतीव भागाच्या) कानावर मारायचा. मग स्ट्रटचा खालचा बोल्ट, शेवटी वरचे नट.

स्ट्रटच्या मधोमध जो एक मोठा नट दिसतो त्याला पाना लावायचा नाही. स्प्रिंग त्याच नटानं दाबून धरलेली असते. कॉम्प्रेसर न लावता तो सोडला तर माणूस जखमी होतो, याहून वाईटही होऊ शकतं. तुमचा स्पेसर माथ्यावरचा आहे, त्याला स्प्रिंग उघडायची गरजच नाही. पण बघून घ्या: काही किटमध्ये माथ्यावर एक आणि स्प्रिंगच्या आत दुसरा असे दोन असतात. आतला असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या ठिकाणीच जा.

दुसरी गोष्ट, मूळ स्टड. स्पेसर बसवताना काही जण स्ट्रटचे वरचे स्टड कापतात, कारण ते स्पेसरमधून वर येऊन बॉडीला अडतात. कापलेले असतील तर स्पेसर काढल्यावर नटाला आटेच मिळणार नाहीत. गाडी उघडायच्या आधी बॉनेट उचलून किंवा आतून हात घालून हे तपासा, नाहीतर गाडी घोड्यांवर आणि पार्ट पुण्याहून येतोय, असं होतं. कापलेले असतील तर वरचं माउंट नवीन लागेल.

खालचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून अडकतो, पाटण-महाबळेश्वरकडं फिरलेल्या गाड्यांना हमखास. आदल्या दिवशीच गंज सुटायचं तेल मारून ठेवा. गॅसनं तापवू नका, रबर जळतं.

परत जोडताना आर्मच्या आणि स्ट्रटच्या बुशमधले बोल्ट हातानं लावून ठेवायचे, पूर्ण आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा, मग आवळा. बुशमधलं रबर आवळलं त्या स्थितीत चिकटून बसतं. चाक लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी १०-१५ मिमी उंच बसते आणि काही हजार किलोमीटरमध्ये बुश फाटतो. ‘लिफ्ट काढली तरी पूर्ण खाली आली नाही’ अशी तक्रार येते तिचं निम्म्या वेळा हेच कारण असतं.

लिफ्टसोबत आलेलं बाकी सामानही शोधून काढायचं. पुढच्या डिफरन्शियलखाली २०-२५ मिमीच्या बुशिंगा घालून तो खाली घेतलेला असतो, म्हणजे एक्सलचे कोन सांभाळले जातात. त्या काढा आणि त्यांचे लांब बोल्टही बदला. उंच बंपस्टॉप असतील तर मूळ मापाचे घाला. आणि शॉकअप. लांब रॉडचा शॉकअप मूळ उंचीवर ठेवला तर गाडी दबताना बंपस्टॉप लागायच्या आधी शॉकअपच तळाला टेकतो. मग सील जातं, किंवा चेसीवरचा ब्रॅकेट फुटतो. मागच्या शॉकअपबाबत हे विशेषच. चारही मूळ लांबीचे घ्या, हा खर्च टाळता येत नाही.

---

पाटे_आणि_बुश

मागचं काम पुढच्यापेक्षा सोपं दिसतं, पण चुका इथंच होतात.

चेसी घोड्यांवर, हाउसिंग वेगळ्या जॅकवर. एका वेळी एकच बाजू. दोन्हीकडचे यू-बोल्ट (पाटे हाउसिंगला आवळून धरणारे) एकदम सोडले तर हाउसिंग फिरतं. शॉकअपचं खालचं टोक सोडा, यू-बोल्ट सोडा, हाउसिंग थोडं खाली घ्या, ब्लॉक निघेल. त्याच्यासोबत पाचरीसारखी तिरकी पट्टी असेल तर तीही काढा. ती लिफ्टमुळं बदललेला जोडाचा कोन सावरायला घातलेली असते आणि मूळ उंचीवर तीच कोन बिघडवते. काही पिकअपमध्ये कंपनीचाच छोटा ब्लॉक असतो, तो ओतीव आणि रंगवलेला दिसतो. तो काढायचा नाही.

हाउसिंग वर घेताना पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या पॅडमधल्या भोकात पूर्ण बसलंय हे बोटानं चाचपून बघा. ब्लॉकला स्वतःची पिन असते, म्हणून इतके दिवस त्या भोकात दुसरंच काही बसलं होतं. त्यात माती भरलेली असते, खरवडून साफ करा. डोकं भोकाच्या कडेवर राहिलं आणि यू-बोल्ट आवळले, तर त्या घडीला सगळं घट्ट वाटतं आणि पहिल्या भरलेल्या खेपेला हाउसिंग सरकतं. गाडी तिरकी चालायला लागते. तपासायचं कसं, तर पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून हाउसिंगपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना फीत लावून मोजायचं. सारखं आलं पाहिजे.

शॅकल मूळ मापाची घालताना बुशही नवीन घ्या. इथंही बोल्ट गाडी चाकांवर आल्यावरच आवळायचे.

यू-बोल्ट नवीनच. जुने ताणलेले असतात आणि ब्लॉकच्या हिशेबानं लांबही असतात. आवळताना चारही नट तिरके फिरून, तीन टप्प्यांत: आधी बसेपर्यंत, मग निम्म्या टॉर्कवर, मग सर्व्हिस मॅन्युअलमधल्या पूर्ण आकड्यावर. एक नट पूर्ण आणि मग दुसरा, असं केलं की प्लेट वाकडी बसते. १०० किलोमीटरनंतर परत टॉर्क तपासायचा, ५०० नंतर आणखी एकदा. पाटे आपसात बसतात तसे यू-बोल्ट सैल पडतात, हे नेहमीचंच आहे.

दोन तुकड्यांच्या प्रोपेलर शाफ्टला मधल्या बेअरिंगखाली वॉशर किंवा पट्टी घातलेली आहे का तेही बघा. ती राहून गेली तर निघताना, ४० च्या आत-बाहेर, सीटखाली थरथर जाणवते आणि माणसं विनाकारण जोड बदलत बसतात.

कराड, पेठ नाका, मिरज या पट्ट्यात ट्रक-ट्रॉलीचे पाटे करणारे मिस्त्री चांगले आहेत. फक्त गळीत हंगाम सुरू झाला की ते उसाच्या गाड्यांत अडकतात. काम दिवाळीआधी उरकून घ्या.

---

अलाइनमेंट_पॉइंट (सातारा)

थोडं माझंही. उंची बदलली म्हणजे टो, कॅम्बर, कॅस्टर हे चाकांचे तिन्ही कोन बदलले. काम झाल्यावर १५-२० किलोमीटर गाडी फिरवा, सस्पेन्शन बसू द्या, मगच मशिनवर घ्या. काही ठिकाणी फक्त टो करून पाठवतात. लिफ्टच्या वेळी कोणीतरी कॅम्बरचे कॅम बोल्ट फिरवून ठेवलेले असतात, ते तसेच राहिले तर टायरची एक कड खात राहते. छापील कागद मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला. स्टिअरिंग अँगल सेन्सर असलेल्या गाडीत अलाइनमेंटनंतर तो शून्यावर आणावा लागतो, नाहीतर स्थिरतेचा दिवा लागतो.

हेडलाइट विसरू नका. पुढचं-मागचं सारखं उतरलं तरी दिव्याची उंची बदलते, आणि कमी-जास्त उतरलं तर कोनही. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. लो बीमची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेमी खाली पडली पाहिजे. हौद्यात नेहमी काही वजन असेल तर तेवढं ठेवून लावा. कुंभार्ली घाटात समोरच्याच्या डोळ्यात झोत जाणाऱ्या बऱ्याच गाड्या अशाच, लिफ्टनंतर दिव्यांचा कोन न जुळवलेल्या असतात.

---

जतचा_पिकअपवाला

माझी गाडी जुनी आहे, पुढं टॉर्शन बार (गोल स्प्रिंगऐवजी पिळ घेणारा दांडा), मागं एकेक जादा पाटा घातलेला. द्राक्षाच्या पेट्यांसाठी घातला होता, आता माल वाहत नाही. याच धाग्यात विचारतो: हीच पद्धत का?

---

पाटे_आणि_बुश

मागची पद्धत जवळपास तीच, पुढची वेगळी.

टॉर्शन बारच्या मागच्या टोकाला चावी असते आणि तिला एक उभा बोल्ट. बोल्ट आत गेला की गाडी उंच होते, बाहेर आला की उतरते. आधी नटाखाली किती आटे बाहेर आहेत ते दोन्हीकडचं मोजून लिहा. पुढची बाजू जॅकवर घेऊन बारवरचा ताण कमी करा, आट्यांना ग्रीस लावा, मग दोन्ही बाजूंना एकेक फेरा सारखा उलटा फिरवा. गाडी खाली ठेवा, पुढं-मागं ढकला, मोजा, परत करा. चढवलेल्या बोल्टनं लिफ्ट केली असेल तर एवढंच पुरतं. चावीच बदललेली असेल तर मूळ चावी घालायला पुलर लागतो. बारमध्ये साठलेला जोर मोठा असतो, ते काम घरी नको. चावी काढण्याआधी बारवर आणि चावीवर एकच रेघ ओढून ठेवा, नाहीतर दात एकानं चुकतो आणि गाडी एका बाजूला कलते.

मागं जादा पाटा काढताना संच बाहेर काढून सी-क्लॅम्पनं दाबून धरा, मगच सेंटर बोल्ट सोडा किंवा कापा. क्लॅम्पशिवाय सोडला तर पाटे उसळतात. बोल्ट नवीन घ्या. दोन्ही बाजूंचा एकाच जागेवरचा पाटा निघाला पाहिजे. पाटा काढल्यावर वजन आरसी बुकातल्या मर्यादेतच भरायचं, हे सांगायला नको.

तुमच्या गाडीत एक गोष्ट या वरच्या गाडीपेक्षा महत्त्वाची आहे. मागच्या हाउसिंगपासून चेसीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत एक दांडी गेलेली दिसेल, तो व्हॉल्व्ह म्हणजे एलएसपीव्ही, वजनानुसार मागच्या ब्रेकचा दाब बदलणारा. गाडी भरली की चेसी खाली येते, दांडी वर ढकलली जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. रिकामी असली की दाब कमी. जादा पाट्यामुळं चेसी वर गेली की व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामी वाटते, म्हणून बसवणारा बहुधा दांडीला लांबवणी किंवा ब्रॅकेट जोडतो. आता पाटा काढून ते ब्रॅकेट तसंच राहिलं तर उलटं होतं. रिकाम्या गाडीला व्हॉल्व्ह भरलेली समजतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी जाते. दांडी मूळ लांबीवर आणा आणि व्हॉल्व्हचं सेटिंग तपासून घ्या.

---

सह्यकडा

+१. हा दांडीचा मुद्दा कोणी सांगत नाही. जतकर, पाटा काढण्याआधी त्या दांडीचा फोटो काढून ठेवा.

---

कुपवाड_फॅब्रिकेशन

पायरीबद्दल. वारणाकाठ यांचे नवीन आकडे धरले तर पाइप ३९ वर आणि उंबरा ५५ वर. पाइपच्या खाली लोंबती पायरी करायची, तिचा माथा जमिनीपासून २८ सेमीवर. मग टप्पे पडतात २८ आणि २७. पाइपवर पाय द्यायची गरजच उरत नाही. तो मध्ये अडथळा होतो, म्हणून पायरी पाइपच्या बाहेर ८-१० सेमी काढा, म्हणजे पूर्ण पाऊल मावतं. नुसती बोटं टेकतील अशी पायरी गुडघेदुखीच्या माणसाला उपयोगी नाही.

पायरीची रुंदी किमान १५ सेमी, लांबी ४० सेमी. जोडणी चेसीला, तीही नटबोल्टनं. दाराच्या उंबऱ्याखालच्या पत्र्याला कधीही नाही, तो पत्रा पहिल्या पावसाळ्यात फाटतो. चेसीला वेल्डिंग किंवा नवीन भोकही नको, साइड स्टेपचे कंपनीचे ब्रॅकेट जिथं बसतात तीच भोकं वापरा. ८० किलोचा माणूस बाहेरच्या कडेवर पाय आपटून उभा राहतो तेव्हा ब्रॅकेटवर त्याच्या वजनाच्या दीडपट-दुप्पट जोर येतो, आणि तो पिळणारा असतो. म्हणून एकाच ब्रॅकेटवर लटकवू नका, दोन हवेत, मध्ये आडवी पट्टी. ५ मिमीची पट्टी पुरते. वरचा माथा भोकांच्या पत्र्याचा किंवा जाळीचा ठेवा, चिखल खाली पडतो. भोकं नसलेल्या चेकर्ड पत्र्यावर ओली चप्पल घसरते.

टोकं गोल करून बंद करा. नऊवारीचा किंवा साडीचा काठ उघड्या टोकात अडकतो, आणि तो उतरताना अडकतो.

पायरी फक्त डाव्या, पुढच्या दाराला करा. चारही दारांना केली तर बांध ओलांडताना लागणारच. दोन पिन काढून वर दुमडता येईल अशी केली तर शेतात जाताना वर, दवाखान्याला जाताना खाली. दार उघडलं की आपोआप येणाऱ्या विजेच्या पायऱ्याही मिळतात, पण आपल्याकडच्या काळ्या मातीत त्यांच्या बिजागऱ्या भरून बसतात. मला त्या पटत नाहीत.

धरायला हँडल हवंच. कंपनीनं पुढच्या खांबावर दिलेलं असेल तर तेच वापरा. नवीन लावायचं असेल तर पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत खांबाला किंवा छताच्या कडेला भोक पाडू नका, एअरबॅगची पिशवी आणि वायर तिथूनच जाते.

---

मिरजेची_फिजिओ

२८ आणि २७ हे टप्पे चांगले आहेत. पायरीच्या पुढच्या कडेला पिवळी किंवा पांढरी पट्टी चिकटवा. मोतीबिंदूच्या आधी-नंतर वयस्कर माणसांना काळ्या पायरीची कड दिसत नाही, विशेषतः संध्याकाळी.

---

काळीमाती

हाउसिंगचा गोळा टायरवरच ठरतो हे पटलं. मग निदान मूळ मापाचेच पण चिखलाचे टायर घ्या, एवढं माझं म्हणणं राहील.

आणि आरटीओचं काय? मूळ स्थितीत आणायला परवानगी लागते का?

---

सह्यकडा

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसी बुकातला तपशील वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. त्याच्या पोटकलम ४ प्रमाणे बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. वारणाकाठ तर मूळ स्थितीकडं चाललेत, म्हणजे अडचण कमीच होते आहे. अपघाताचा विमा मागताना लिफ्ट आणि मोठे टायर हे कंपनीला हरकत घ्यायला कारण मिळतं, तेही जाईल. काढलेल्या सामानाची आणि नवीन पार्टची बिलं गाडीच्या कागदांत ठेवा.

---

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार. ठरलं: स्पेसर, ब्लॉक, शॅकल, शॉकअप, टायर एकाच फेरीत. नंतर अलाइनमेंट आणि दिवे. पायरी सगळ्यात शेवटी, उंची परत मोजून. फिजिओताई, पट्टी लावतोच.

पाटेदादा, शेवटचं. यू-बोल्ट आधी आणून ठेवायचे आहेत. माप कसं सांगू?

---

पाटे_आणि_बुश

तीन मापं लागतात. आट्यांचा व्यास व्हर्नियरनं. दोन पायांमधलं आतलं अंतर. आणि वाकाच्या आतल्या बाजूपासून पायाच्या टोकापर्यंतची लांबी. वाक गोल आहे की चौकोनी तेही सांगा, गोल जागी चौकोनी बसवला तर तो दोनच ठिकाणी टेकतो.

आत्ताच्या लांबीतून ३८ मिमी वजा करा, ती तुमची लांबी. नट पूर्ण आवळल्यावर दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. लांबी बरोबर पण आटे कमी पाडलेले, असा यू-बोल्ट घेऊ नका. लांब यू-बोल्ट कापून वापरला तरी हेच होतं. नट आटे संपतात तिथं जाऊन अडकतो, टॉर्क रेंच कट्ट करतो, आणि पाट्यावर मात्र पकड नसते. म्हणून दुकानातच नट हातानं खालपर्यंत फिरवून बघा: पाटे, प्लेट आणि हाउसिंग मिळून जी जाडी होते तिच्यापेक्षा वाकाच्या बाजूला निदान १० मिमी आटे आणखी हवेत.

ग्रेड ८.८ किंवा त्याच्या वरचीच मागा, नटही त्याच तोडीचे. जागेवर साध्या सळईला वाकवून आटे पाडून देतो म्हणाले तर नको म्हणा. चार यू-बोल्ट, आठ नट, आठ वॉशर, दोन सेंटर बोल्ट जादा. सेंटर बोल्ट काम करताना तुटला तर गाडी तिथंच अडकते.